विजेच्या हत्यारांची केबल : डागडुजी आणि बदली

ग्राइंडर, ड्रिल, मार्बल कटर, किंवा सुताराची विजेवर चालणारी करवत, यांपैकी एखादे हत्यार बंद पडले म्हणजे मालकाचे लक्ष प्रथम मोटरीकडे जाते. कार्बन झिजले असतील, आर्मेचर जळले असेल, स्विच गेला असेल, असे नाना तर्क होतात. परंतु हत्याराच्या पाठीमागून निघून सॉकेटपर्यंत पोहोचणारी जी दोन-अडीच मीटरांची केबल, तिची विचारपूस ती तुटून हातात येईपर्यंत सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः त्या हत्याराच्या सर्व अवयवांत अधिकात अधिक हाल सोसावे लागतात ते तिलाच. ड्रिल तिच्याच आधाराने शिडीवरून खाली सोडले जाते, काम संपल्यावर ती यंत्राभोवती आवळून गुंडाळली जाते, ग्राइंडरच्या ठिणग्या तिच्यावर उडतात, खाली ठेवलेल्या परंतु अद्याप फिरत असलेल्या चकतीशी तिचीच गाठ पडते, आणि पावसाळ्याचे चार महिने हत्यार माळ्यावर पडून राहिले तर उंदरांच्या दातांनाही प्रथम तीच सापडते.

अशी केबल जायबंदी झाली की आपल्याकडील सर्वमान्य इलाज म्हणजे तुटलेली टोके पिळून जोडणे, वर काळी टेप गुंडाळणे आणि हत्यार सुरू झाले की ते दुरुस्त झाले असे मानणे. हा इलाज स्वस्त आहे, झटपट आहे, आणि त्याची परीक्षाही तत्काळ होते; दोष एवढाच की ती परीक्षाच खोटी आहे. मोटर फिरण्यास दोन तारा पुरतात. पण केबलीच्या ठायी आणखी तीन गोष्टी अशा असतात की ज्यांच्यावाचून मोटरीचे काहीच अडत नाही, आणि हत्यार धरणाऱ्या माणसाचे मात्र सर्वस्व अडते : तारांवरील सलग बाह्य आवरण, अर्थिंगची तिसरी तार, आणि हत्याराच्या पोटात केबल घट्ट धरून ठेवणारी लहानशी पट्टी. आवरण चिरले, तिसरी तार तुटली, पट्टी हरवली, तरी हत्यार पूर्वीच्याच जोमाने चालते. सबब ते चालते आहे ही गोष्ट दुरुस्तीचा पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही. पुढे जे सांगावयाचे आहे ते बहुतांशी या तीन गोष्टींना धरून.

प्रथम तपासणी. ती करावयाची ती प्लग सॉकेटातून पूर्णपणे काढून, आणि काढलेला प्लग डोळ्यांसमोर राहील अशा बेताने. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण पुष्कळ जुन्या घरांत वायरिंग करणाऱ्याने फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून नेलेला आढळतो, आणि तेथे बटण बंद असतानाही सॉकेटातला फेज जागाच असतो. मग केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढत न्यावी आणि दर वीतभर अंतरावर ती किंचित वाकवून पाहावी. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळते : कोठे ती चपटी झालेली असते, कोठे फुगलेली, कोठे ताठर, तर कोठे आतली तार तुटल्यामुळे अकस्मात लुळी पडलेली. विशेष लक्ष द्यावयाचे ते दोन्ही टोकांकडे, त्यातही हत्यारात शिरण्याच्या जागी रबराचा जो निमुळता बूट असतो त्याच्या तोंडाशी. कारण काम करताना केबल वळते ती नेहमी त्याच एका बिंदूवर. हात हलवला की ड्रिल बंद पडते, पुन्हा हलवला की सुरू होते, असा अनुभव येत असेल तर रोग बहुधा तेथेच आहे असे समजावे. त्या जागी आवरण चिरून पाहिले तर आतला प्रकार मोठा बोधप्रद असतो : बारीक तारांपैकी निम्म्याअधिक तुटून त्यांची टोके काळवंडलेली, भोवतालचे प्लास्टिक तपकिरी पडून ठिसूळ झालेले, आणि उरलेल्या थोड्या तारा सगळा भार एकट्या वाहत असलेल्या. हत्यार या स्थितीतही चालत असते.

दोष कोठे आहे यावर इलाज अवलंबून असतो. तो प्लगजवळ असेल तर तेवढा भाग कापून नवा प्लग लावावा. हत्याराजवळ असेल तर हत्यार उघडून खराब तुकडा काढावा आणि निरोगी भाग पुन्हा आत जोडावा. मात्र कापताना हात राखू नये. आवरण सोलल्यावर आतले तांबे काळे दिसले तर लखलखीत तांबे लागेपर्यंत मागे मागे कापत जावे, कारण काळवंडलेली तार स्क्रूखाली कितीही आवळली तरी तापतच राहते. अशा रीतीने कापता कापता केबल दीड-दोन मीटरांहून आखूड झाली तर ती बदलणे बरे, नाहीतर हत्यार आणि एक्स्टेन्शन बोर्ड यांमधला जोड कमरेच्या उंचीवर लोंबू लागतो व चकतीच्या अगदी शेजारी येतो. आणि दोष मधोमध असेल तर डागडुजीचा विचारच सोडून द्यावा. टेप विजेला काही काळ अडवते हे खरे, परंतु ओढ सोसण्याची ताकद तिच्यात नाही, घासणे सोसण्याची नाही, तेल लागले की तिचा डिंक सुटतो, आणि ग्राइंडरची तप्त ठिणगी तिला सहज भोक पाडते. शिवाय पिळून केलेला जोड म्हणजे केबलीतला एक ताठर गाठोळा. त्याच्या दोन्ही अंगांना केबल पुन्हा वाकू लागते आणि सहा महिन्यांत तेथेच नव्याने तुटते. आवरणाला नुसता वरवरचा चरा पडला असेल आणि आतल्या रंगीत तारांचे इन्सुलेशन अबाधित असेल तरीही पूर्ण केबल बदलावी, असे माझे मत आहे. काटकसर करावयास हत्यारांच्या बाबतीत याहून चांगल्या जागा आहेत.

नवी केबल घेताना दुकानदाराला हत्यारावरील पट्टीतला वॅटचा आकडा सांगावा. आपल्याकडील २३० व्होल्टने त्या आकड्याला भागले की अदमासे प्रवाह मिळतो : ६५० वॅटचा लहान ग्राइंडर तीन अँपिअरच्या आत राहतो, २००० वॅटचा मोठा पावणेनऊ अँपिअरच्या घरात जातो. सहा अँपिअरपर्यंत पाऊण चौरस मिलिमीटरची, दहापर्यंत एक चौरस मिलिमीटरची आणि सोळापर्यंत दीड चौरस मिलिमीटरची केबल, असे साधारण प्रमाण मानले जाते. तारांच्या संख्येवरूनही ही मापे ओळखता येतात. पाऊणच्या केबलीत ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात, एकच्या केबलीत ३२. मुंबईच्या लोहार चाळीतील किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतील एखादा जुना दुकानदार अजूनही इंची मापाच्या जमान्यातील ‘चाळीस-शहात्तर’ या नावाने बोलेल. ती एक चौरस मिलिमीटरहून किंचित जाड असते. आवरणावर आयएसआयची खूण आणि साध्या पीव्हीसी केबलीच्या बाबतीत आयएस ६९४ हा मानकाचा क्रमांक छापलेला आहे ना, याची खातरजमा करावी. तरीही संशय राहिला तर एक बारीक तार चाकूच्या पात्याने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, आणि ते दुकानदाराला तेथल्या तेथे परत करावे.

पीव्हीसी की रबर, हा प्रश्न मला आकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. पीव्हीसीची केबल घरातल्या ड्रिलला चालते, परंतु ती उष्णतेने मऊ पडते व थंडीत ताठ होते. ज्याचे काम लोखंड कापण्याचे, वेल्डिंगच्या शेजारी बसण्याचे किंवा फरशी घासण्याचे आहे त्याने चार पैसे अधिक मोजून जाड रबरी आवरणाची केबल घ्यावी. ती वळते मऊ, ठिणग्या अधिक सोसते, आणि जमिनीवर पडली असता वेटोळी न घालता सरळ पसरते, हा तिचा गुण पायात अडकून पडलेल्या माणसास विशेष पटेल. घरात पंख्यासाठी आणलेली, दोन उघड्या तारा एकमेकींभोवती पिळलेली वायर मात्र या कामी वर्ज्य. तिला बाह्य आवरणच नसते.

आता तिसऱ्या तारेचा प्रश्न. काही हत्यारांचे अंग धातूचे असते आणि त्यांच्या केबलीत तीन तारा असतात. तिसरी हत्याराच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते, अशासाठी की आत कोठे फेज सुटून अंगाला लागला तर प्रवाहाने माणसातून न जाता त्या तारेने जमिनीत जावे आणि फ्यूज उडवावा. हल्लीची पुष्कळशी हत्यारे मात्र दुहेरी इन्सुलेशनची असतात. त्यांच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा लहान चौकोन अशी खूण असते, केबलीत दोनच तारा असतात, आणि अर्थिंगची त्यांना गरज नसते. या दोन जातींची अदलाबदल करू नये. तीन तारांच्या हत्याराला दोन तारांची केबल लावणे हा उघड उघड गुन्हाच. परंतु दुहेरी इन्सुलेशनच्या हत्याराला तीन तारांची केबल आणून तिसरी तार गिअरच्या धातूच्या खोक्याला स्क्रूने जोडून देणारे हौशी कारागीरही असतात, आणि सुरक्षितता वाढवण्याच्या भरात ते बनवणाऱ्याने विचारपूर्वक उभी केलेली व्यवस्था मोडून टाकतात. जेथे दोन होत्या तेथे दोनच लावाव्यात.

रंगांचा बखेडाही येथेच मिटवलेला बरा. नव्या केबलीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ. जुन्या केबलीत लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. अमेरिकेहून मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने आणलेल्या हत्यारात काळी तार फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची, म्हणजे आपल्या जुन्या रिवाजाच्या नेमका उलटा प्रकार. अर्थात त्या हत्याराची खरी अडचण रंगांची नसून १२० व्होल्टची आहे. त्याची केबल वा प्लग बदलून काहीच साधत नाही, त्याला पुरेशा ताकदीचा ट्रान्सफॉर्मरच लागतो.

हत्यार उघडण्यापूर्वी त्याच्या पुस्तिकेत पाहावे. केबल फक्त कंपनीच्या सेवा केंद्रातच बदलावी, अशी अट पुष्कळ ठिकाणी छापलेली असते, आणि हमीची मुदत चालू असेल तर ती मोडण्यात शहाणपण नाही. मुदत संपली असेल आणि हाताला पेचकस धरण्याची सवय असेल तर पुढील काम अवघड नाही. विजेच्या कामाचा ज्याला मुळीच परिचय नाही त्याने मात्र ते वायरमनच्या हवाली करावे आणि जवळ उभे राहून पाहावे.

ड्रिलच्या मुठीचे उभे दोन भाग असतात. ग्राइंडरच्या मागच्या टोकाला एक टोपण असते. स्क्रू पुष्कळदा चांदणीच्या तोंडाचे असतात, त्यांना साधा पेचकस लावून त्यांचे डोके खराब करू नये. भाग अलगद विलग करावेत. कार्बनच्या मागची स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली तर पुढचा अर्धा दिवस तिच्या शोधात जातो. आतली मांडणी दिसताच काही सोडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे. खिशातल्या मोबाईलचा याहून सत्कार्यी उपयोग क्वचितच होत असेल. कोणती तार स्विचच्या कोणत्या घरात जाते, कोणती कडेच्या कोणत्या खोबणीतून फिरते, हे सारे नंतर लागते, कारण खोबणीबाहेर राहिलेली तार एकतर मूठ बंद करताना चेंगरते, नाहीतर पंख्याच्या पात्याला लागते. काही हत्यारांत कंडेन्सर असतो. त्याच्या उघड्या टोकांना बोट लावू नये.

नव्या केबलीचे टोक सोलण्यापूर्वी तिच्यावर रबरी बूट ओवावा. ही सूचना बालिश वाटेल, परंतु सर्व तारा नीट जोडून, पट्टी आवळून, मूठ बंद करावयाच्या क्षणी बूट बाजूला टेबलावर पडलेला दिसणे हा या कामातील नित्याचा प्रसंग आहे. बूट टाळून मूठ बंद करण्याचा मोह त्या वेळी अनावर होतो. पण बुटाविना केबल प्लास्टिकच्या धारेवर वाकते आणि थोड्याच दिवसांत तुटते. नंतर बाह्य आवरण तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे जुन्या केबलीचे जेवढे सोललेले होते तेवढेच, सोलावे. चाकू गोल फिरवताना तो आवरणाच्या पूर्ण जाडीतून न नेता थोडा वरच थांबवावा आणि मग आवरण वाकवून तोडावे, म्हणजे आतल्या रंगीत तारांवर पाते उमटत नाही. प्रत्येक तारेचे टोक सहा ते आठ मिलिमीटर मोकळे करून बारीक तारा स्क्रू आवळण्याच्या दिशेने पिळाव्यात. एखादी जरी बाहेर राहिली तरी ती शेजारच्या घराला शिवू शकते. त्या टोकाला डाख देऊन ते कडक करण्याची पद्धत दिसायला सुबक असली तरी स्क्रूखाली ती चुकीची. डाखाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतो, स्क्रू सैल पडतो, आणि सैल जोड तापतो. त्याऐवजी योग्य मापाचे थिंबल दाबून बसवावे. स्विचला स्क्रूऐवजी नुसती भोके असतील तर शेजारच्या बारीक छिद्रात सुई किंवा अगदी लहान पेचकस खुपसला की जुनी तार सुटते. ती ओढून तोडू नये.

यानंतर ती पट्टी, जिच्याविषयी आरंभी उल्लेख केला. दोन स्क्रूंनी बसणारा हा प्लास्टिकचा तुकडा केबलीच्या जाड बाह्य आवरणावर बसला पाहिजे, आतल्या रंगीत तारांवर नव्हे. म्हणजे आवरणाची कड पट्टी ओलांडून थोडी आत आलेली दिसली पाहिजे. केबल धरून जोराने ओढली की तिची ओढ पट्टीपाशीच संपते आणि स्विचवरील जोडांना तिची खबरही लागत नाही, एवढ्यासाठी ही सारी तजवीज असते. ती पट्टी मोडली असेल तर दुसरी आणावी. केबलीला आत गाठ मारून तिच्या जागी ठेवणे हा पर्याय नाही, कारण कडक आवरणाची गाठ मुठीत मावत नाही, मावली तर तारा दाबून टाकते.

दुसऱ्या टोकाला थ्री-पिन टॉप. दोन हजार वॅटच्या ग्राइंडरला सोळा अँपिअरचा मोठा टॉप लागतो. सहा अँपिअरचा लहान टॉप त्याला लावला तर तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग सॉकेटला चिकटून बसतो. टॉपवर कोरलेली एल, एन आणि ई ही अक्षरे पाहून अनुक्रमे फेज, न्यूट्रल व अर्थ जोडावे. अर्थची तार इतर दोहोंपेक्षा किंचित लांब ठेवावी, म्हणजे कधी काळी टॉपमधून केबल उपटली गेलीच तर फेज व न्यूट्रल आधी सुटतील आणि अर्थ सर्वांच्या शेवटी. टॉपमधली अर्थची पिनही याच न्यायाने लांब व जाड केलेली असते. सॉकेटात शिरताना ती प्रथम लागते, निघताना अखेर सुटते. ती पिन सॉकेटात बसत नाही म्हणून उपटून टाकलेले टॉप, आणि टॉपच न लावता तारांची नागडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोकलेली एक्स्टेन्शन, ही दोन्ही दृश्ये आपल्याकडील कोणत्याही बांधकामावर पाहावयास मिळतात, आणि ती पाहून ठेकेदारास काही वाटत नाही हे त्याहून आश्चर्य.

मूठ बंद केल्यावर लगेच वीज देऊ नये. मल्टिमीटर ओहमवर ठेवून, हत्यार तीन तारांचे असल्यास, टॉपच्या अर्थ पिनेपासून हत्याराच्या धातूच्या अंगापर्यंत माप घ्यावे. ते जवळजवळ शून्य, एक ओहमच्या बरेच आत, भरले पाहिजे, आणि मोजता मोजता केबल हलवली तरी तसेच राहिले पाहिजे. फेज व न्यूट्रल यांच्या पिना आणि अंग यांच्यामध्ये मात्र काहीच संबंध दिसता कामा नये. फेज आणि न्यूट्रलच्या दोन पिनांमध्ये, हत्याराचे बटण दाबले असता काही ओहमांपासून काही दशक ओहमांपर्यंत माप मिळते व सोडल्यावर तुटते. वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असेल तर या शेवटच्या मापावर इतबार ठेवू नये. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर असल्यास इन्सुलेशनही मोजून घ्यावे. बटण दाबलेले ठेवून ते एक मेगओहमहून कमी भरले तर दोष केबलीपलीकडे, हत्याराच्या आत आहे, आणि ते हत्यार वापरण्याजोगे नाही. हे सर्व यथास्थित उतरल्यावर चकती वा बिट काढून ठेवून, हत्यार दोन्ही हातांनी धरून, पहिली चाचणी घ्यावी, आणि दहा मिनिटे काम केल्यानंतर टॉपला व बुटाला हात लावून पाहावा. कोमट असण्यास हरकत नाही, चटका बसता कामा नये.

केबल निर्दोष झाली तरी ती ज्या एक्स्टेन्शनला जोडली जाते ते जुनाट असेल तर सारा खटाटोप फुकट. पाऊण चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर पसरून तिच्यावर मोठा ग्राइंडर चालवला तर वाटेतच सुमारे १३ व्होल्ट खर्ची पडतात, मोटर अशक्त चालते आणि वायर तापते. ती चाकावर गुंडाळलेलीच ठेवून वापरली तर आतले वेढे एकमेकांना तापवून वितळूही शकतात, म्हणून काम लहान असले तरी चाक पूर्ण उलगडावे. आणि ज्या सॉकेटातून हे सारे चालते त्याच्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच, असावा. माणसाच्या देहातून दहा-पंधरा मिलिअँपिअर गेले तरी मूठ सुटेनाशी होते आणि पन्नासच्या पुढे हृदयाचा ठोका चुकण्याचे भय असते. फ्यूज यांपैकी कशाचीच दखल घेत नाही, तो अँपिअरांच्या भाषेत विचार करतो. तथापि आरसीसीबीवरही सर्व हवाला टाकू नये. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर तो माणूस त्या यंत्रास मोटरीसारखाच वाटतो. इंग्लंडातील बांधकामांवर म्हणूनच हातातील हत्यारे ११० व्होल्टवर चालवण्याचा प्रघात आहे. तेथील पिवळ्या ट्रान्सफॉर्मरचा मध्यबिंदू जमिनीस जोडलेला असतो, आणि कापलेल्या केबलीस हात लागलाच तरी माणूस व जमीन यांच्यामध्ये ५५ व्होल्टच येतात. आपल्याकडे २३० येतात.

काढून टाकलेल्या जुन्या केबलीची विल्हेवाट त्याच दिवशी लावावी. तिला प्लग तसाच ठेवून ती खुंटीला अडकवून ठेवली तर आठवड्याभरात कोणीतरी, बहुधा घरातले एखादे उद्योगी मूल किंवा घाईत असलेला गवंडी, ती सॉकेटात लावतो, आणि तिची दुसरी, उघडी टोके कोठे पडली आहेत हे त्याला ठाऊक नसते. म्हणून प्रथम प्लग मुळाशी कापावा, केबलीचे हात-हातभर तुकडे करावेत, आणि मगच ते भंगारवाल्याच्या पोत्यात टाकावेत. तांब्याचा भाव तो तुकड्यांनाही देतो.